प्लस मेझवर डायझेपाम: उंदराला हात लावण्यापासून आकडा लिहिण्यापर्यंत

दरवर्षी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं सिनॉप्सिस घेऊन माझ्या टेबलाशी येतात, तेव्हा फार्माकॉलॉजीच्या बऱ्याच जणांचा विषय ठरलेला असतो. कुठल्या तरी वनस्पतीचा अर्क, कधी ब्राह्मी, कधी जटामांसी, कधी अश्वगंधा. त्याचा चिंताशामक परिणाम पाहायचा. मॉडेल एलिव्हेटेड प्लस मेझ, म्हणजे उंचावर ठेवलेला अधिक चिन्हाच्या आकाराचा मार्ग, आणि तुलनेला डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध. मी प्रत्येकाला आधी अर्काची बाटली कपाटात ठेवायला सांगते. सुरुवातीला दोनच गट घ्यायचे, एक नुसत्या व्हेईकलचा (औषध ज्यात मिसळतात ते द्रावण, औषधाशिवाय) म्हणजे कंट्रोल, आणि एक डायझेपामचा. ज्या हातांना डायझेपामचा परिणाम मेझवर दाखवता येत नाही, त्या हातांनी केलेल्या अर्काच्या प्रयोगाला काही अर्थ नाही. (या सरावाचे प्राणीसुद्धा फॉर्म बीमध्ये, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात, धरावे लागतात. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी हातात येईपर्यंत एकाही उंदराला सुई लावायची नाही.)

हे सगळं मी पुन्हा पुन्हा तोंडी सांगत आले, आता एकदा लिहूनच ठेवते. यातलं बरंचसं मी चुकून शिकले आहे आणि त्या प्रत्येक चुकीची किंमत प्राण्यांनी दिली आहे, म्हणून ते वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

मेझ कशावर चालतो

उंदराला नवी जागा हुंगून पाहायची ओढ असते आणि उघड्यावर, उंचावर जायची भीतीही असते. अधिक चिन्हासारख्या चार आर्मच्या (फाट्यांच्या) या मेझमध्ये दोन आर्मना भिंती असतात, दोन उघडे असतात. उंदीर भिंतीआड थांबतो, डोकावतो, परत फिरतो. चिंताशामक औषध दिलं की उघड्यावरचा वेळ वाढतो. रॅटमध्ये (मोठ्या उंदरांत) ही चाचणी 1985 साली शेरॉन पेलो, सँड्रा फाइल आणि त्यांच्या फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी तपासून दाखवली. 1987 साली लिस्टर यांनी ती माइसवर (छोट्या उंदरांवर) बसवली. त्याआधी प्राण्याला भुकेलं किंवा तहानलेलं ठेवून, खाण्यापिण्याबरोबर शॉक देऊन संघर्षाच्या (ओढ आणि भीती यांच्या कोंडीच्या) चाचण्या करत. 1960 ची गेलर-सायफ्टर, 1971 ची व्होगेल, या त्याच जातीच्या. प्लस मेझमध्ये शॉक नाही, उपास नाही, शिकवणी नाही. मला ही चाचणी आवडण्याचं पहिलं कारण हेच आहे.

मेझ आणि खोली

माइससाठी आर्म 30 सेंटिमीटर लांब, 5 रुंद, मधला चौक 5 बाय 5, भिंती 15 उंच आणि सगळा मेझ जमिनीपासून सुमारे 40 सेंटिमीटरवर. रॅटसाठी आर्म 50 बाय 10, भिंती 40, उंची 50. सुताराकडून प्लायवूडचा करून घेऊ नका. लाकूड लघवी पिऊन घेतं आणि तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक उंदीर आधीच्या उंदराची भीती हुंगत बसतो. साइनबोर्डवाल्याकडे ॲक्रिलिकचा मॅट शीट मिळतो, तो कापून घ्या. चकचकीत नको, उंदराला स्वतःचं हलतं प्रतिबिंब दिसतं.

दिवा मधोमध वर हवा. दोन्ही उघड्या आर्मवर उजेड सारखा पडतो का ते मोबाइलच्या लक्स मीटरवर तपासा आणि तो आकडा वहीत लिहा. आमच्याकडे एका मुलीचे सगळे उंदीर एकाच उघड्या आर्मवर जात होते. शोधलं तर दुसऱ्या आर्मवर खिडकीच्या फटीतून तिरीप येत होती.

आवाजाबद्दल थोडं जास्त सांगते. मी स्वतः एम.फार्म. करत होते तेव्हा गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात माझे प्रयोग आले. कॉलेजमागच्या मैदानावर ढोल-ताशा पथकाचा सराव चालायचा. कंट्रोलचे उंदीर भिंतीआडून बाहेरच येईनात आणि डायझेपामचेही जेमतेम दोन पावलं टाकत. मला वाटलं औषधच खराब आहे. खरं तर ढोलाचा खर्ज उंदराला आपल्याइतका ऐकू येत नाही, त्याचे कान बारीक, उंच आवाजासाठी आहेत. पण थरथर फरशीतून थेट पायांना लागते. ती सगळी बॅच मला बाद करावी लागली. आजही मी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्तनाचे प्रयोग ठेवत नाही. आणि उलट बाजूनं, आपल्याला न ऐकू येणारे आवाज त्यांना ऐकू येतात. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तर त्यात अल्ट्रासाऊंड असतो. किल्ल्या बाहेर टेबलावर ठेवून मगच आत जायचं.

हात

मेझवर त्या दिवशी उंदराच्या अंगात जो ताण दिसतो, त्यातला मोठा वाटा आपल्या हातून आलेला असतो. तो कमी केल्याशिवाय औषध कशावर चाललं हेच कळत नाही. आपण सगळे शेपटीला धरून उंदीर उचलायला शिकलो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्येही तसंच चित्र होतं. 2010 साली लिव्हरपूलच्या हर्स्ट आणि वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीनं उचललेले उंदीर प्लस मेझवर जास्त घाबरट वागतात. ओंजळीत घेतलेले किंवा नळीतून उचललेले उंदीर शांत राहतात.

तेव्हापासून आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये प्रत्येक पिंजऱ्यात पीव्हीसी पाइपचा हातभर नव्हे, वीतभर तुकडा असतो. हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर असाच देतात. कडा घासून गुळगुळीत करायच्या. उंदीर आपणहून पाइपात शिरतो, दोन्ही तोंडं हलकेच झाकून पाइप उचलायचा, हवा तिथे ठेवायचा. आमचे ॲनिमल हाऊसचे मामा सुरुवातीला म्हणाले, "मॅडम, एवढे लाड करून काम कधी उरकायचं?" आठवड्यात ते स्वतः नव्या मुलांना पाइप कसा धरायचा ते दाखवायला लागले. भुसा बदलतानाची धावपळ संपली होती.

तर सूचना अशी. प्राणी नवीन आले की निदान एक आठवडा त्यांना तसेच राहू द्या. मग पाच दिवस, रोज दोन मिनिटं, प्रत्येक उंदीर ओंजळीत घ्या. जो माणूस प्रयोगाच्या दिवशी हात लावणार, त्यानंच हे करायचं. हाताला अत्तर, डिओ, जेवणातला कांदा-लसूण, काही नको. 2014 मध्ये असंही आढळलं की पुरुषाच्या अंगाचा वास, अगदी त्याचा घातलेला टी-शर्टसुद्धा, उंदरांना ताण देतो. याचा अर्थ मुलांनी प्रयोग करू नये असा नाही. अर्धे प्राणी एकानं आणि अर्धे दुसरीनं हाताळू नयेत, एवढाच अर्थ घ्या.

भुसा प्रयोगाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी बदलायचा नाही. मामांना हे दोन दिवस आधी सांगून ठेवा, दारावर चिठ्ठी लावा.

डोस

डायझेपाम शेड्यूल एच-वन मध्ये (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या कडक यादीत) आहे आणि 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या यादीतही आहे. एम्प्यूल कपाटातून निघालं की रजिस्टरमध्ये नोंद, उरलेलं किती आणि त्याचं काय केलं तेही. हे काम विद्यार्थ्यावर सोडू नका, गाईडनं समोर उभं राहून करावं.

हिशेब सोपा आहे, तरी इथेच सर्वांत जास्त चुका पाहिल्यात. माइसला 1 मिग्रॅ प्रति किलो द्यायचं, 10 मिली प्रति किलो या आकारमानात. म्हणजे द्रावण 0.1 मिग्रॅ प्रति मिली हवं. 25 ग्रॅमच्या उंदराला 0.25 मिली जाईल आणि त्यात 0.025 मिग्रॅ औषध असेल. एम्प्यूल 5 मिग्रॅ प्रति मिलीचं असतं, त्यातलं 0.2 मिली घेऊन 10 मिलीपर्यंत वाढवलं की झालं.

पण कशानं वाढवायचं? डायझेपाम पाण्यात विरघळत नाही. एम्प्यूलमध्ये ते प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलच्या आधारानं विरघळलेलं असतं; नुसत्या सलाइनमध्ये ओतलं की पांढुरकं होतं आणि औषध बारीक कणांत खाली बसायला लागतं. पहिल्या उंदराला कमी आणि शेवटच्याला दुप्पट, असं मग होतं. म्हणून 0.5 टक्के सोडियम सीएमसीमध्ये (द्रावण दाट करणारा पदार्थ) किंवा थोड्या ट्वीन 80 (कण पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ) सह एकसारखं सस्पेन्शन करा आणि प्रत्येक वेळी सिरिंज भरण्याआधी कुपी हलवा. प्रत्येक वेळी. कंट्रोल गटालाही अगदी तेच व्हेईकल, एम्प्यूलमधल्या प्रोपिलीन ग्लायकॉल-अल्कोहोलच्या तेवढ्याच अंशासकट द्यायचं. कंट्रोलला सलाइन आणि औषधाच्या गटाला अल्कोहोल असलेलं द्रावण, असा प्रबंध माझ्यापुढे तपासायला आला आहे. अल्कोहोल स्वतःच चिंताशामक आहे. इतक्या थोड्या अंशानं फरक पडला नसेलही, पण ते सिद्ध करायचं ओझं उगाच का घ्यायचं?

इंजेक्शन पोटात, म्हणजे आय.पी.; मग तीस मिनिटं थांबायचं. ही तीस मिनिटं प्रत्येक उंदराला सारखी मिळायला हवीत, कारण उंदरांचं यकृत डायझेपाम भराभर मोडतं. मी वेळापत्रक असं लावते: 10.00, 10.07, 10.14, 10.21 अशी इंजेक्शनं, 10.30, 10.37, 10.44 असे मेझ. पाच मिनिटं चाचणी, दोन मिनिटं पुसायला. साडेदहानंतर इंजेक्शन आणि चाचणी एकमेकांवर चढतात, म्हणून दोन माणसं लागतात. याचा फायदाच करून घ्या. इंजेक्शन देणाऱ्यानं कोणता गट ते फक्त कोडनं ओळखायचं, मेझ पाहणाऱ्याला तर काहीच माहीत नको. गटही आलटून पालटून, सकाळी सगळे कंट्रोल आणि दुपारी सगळे औषधाचे असं नाही. उंदरांमधलं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हार्मोन दिवस उतरेल तसं चढत जातं, त्यामुळे चिंतेचा पायाच दुपारपर्यंत हलतो.

पाच मिनिटं

उंदीर मधल्या चौकात, तोंड उघड्या आर्मकडे, दर वेळी त्याच दिशेला. पाइपातून सोडा. घड्याळ सुरू. वर कॅमेरा लावून तुम्ही खोलीबाहेर गेलात तर उत्तम, नाही तर कोपऱ्यात स्तब्ध बसा. व्हिडिओ नंतर बोरिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शांतपणे मोजता येतो.

चारही पाय आत आले तरच 'एंट्री'. दोन पायांवर डोकावणं ही एंट्री नाही, पण त्याची वेगळी नोंद करा. अंग लांबवून, मागचे पाय भिंतीआड ठेवून पुढे हुंगणं आणि उघड्या आर्मच्या कडेवरून खाली डोकं काढणं, या दोन हालचाली मला कधी कधी सेकंदांपेक्षा जास्त सांगतात. डायझेपामनंतर पहिली कमी होते आणि दुसरी वाढते.

उंदीर खाली पडला तर तो आकड्यांतून बाद करा आणि तसं लिहा. खाली जाड कापड अंथरलेलं असू द्या. तपासून झालेला उंदीर न तपासलेल्यांच्या पिंजऱ्यात परत टाकू नका. वेगळा पिंजरा तयार ठेवा. मेझ पातळ अल्कोहोलनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या अल्कोहोलच्या वासावर आलेला उंदीर वेगळाच वागतो.

आणि एक उंदीर एकदाच. हे न पाळल्यामुळे आकडे बिघडलेले मी अनेकदा पाहिलेत. "आज व्हेईकल देऊन पाहू, आठवड्यानं त्याच उंदरांना डायझेपाम" असा विचार प्राणी वाचवायच्या चांगल्या हेतूनं येतो, पण इथे तो चालत नाही. एकदा मेझ पाहिलेल्या उंदरावर दुसऱ्या वेळी डायझेपामचा परिणाम दिसेनासा होतो, पहिल्या वेळी औषध दिलेलं नसलं तरीही. याला वन-ट्रायल टॉलरन्स म्हणतात. फाइल यांच्या गटानंच यावर बरंच काम केलं. प्राणी वाचवायचे असतील तर ते नीट हाताळणीतून आणि नीट हिशेबातून वाचतात. आकडे जितके कमी विखुरतील, तितके कमी प्राणी पुरतात.

आकडा वाचताना

समजा उंदीर उघड्यावर 40 सेकंद, भिंतीआड 200 आणि चौकात 60 सेकंद होता. उघड्यावरचा टक्का 40 भागिले 240, म्हणजे 16.7. चौकातला वेळ छेदात धरत नाहीत. काही जण पूर्ण 300 नं भागतात. काय केलं ते लिहा म्हणजे झालं.

या टक्क्याशेजारी दुसरा आकडा नेहमी ठेवा: बंद आर्ममधल्या एंट्रींची संख्या. ती उंदराच्या एकूण हालचालीचा अंदाज देते. डायझेपामच्या उंदरांचा उघड्यावरचा टक्का वाढला आणि बंद एंट्री कंट्रोलइतक्याच राहिल्या, तर तुम्ही चिंताशामक परिणाम पाहिलात. टक्का वाढला पण बंद एंट्री दहावरून तीनवर आल्या, तर उंदीर पेंगतो आहे. उघड्या आर्मवर पोहोचला आणि तिथेच बसून राहिला. उलट, धावपळच वाढवणारं औषध दोन्हीकडच्या एंट्री वाढवतं आणि घाईत बघणाऱ्याला तेही चिंताशामक वाटतं. शंका आली तर वेगळ्या उंदरांवर ॲक्टोफोटोमीटर (हालचाल मोजणारं यंत्र) आणि रोटारॉड (फिरत्या दांड्यावरचा तोल पाहणारं यंत्र) करा. वनस्पतींच्या अर्कांत झोप आणणारे पुष्कळ असतात, त्यामुळे ही तपासणी तिथे टाळताच येत नाही.

झोप आणि चिंताशमन हे खरोखर वेगळे परिणाम आहेत, हे झुरिचच्या प्रयोगांतून कळलं, आणि मी ते दर वर्षी वर्गात फळ्यावर काढते. डायझेपाम मेंदूला शांत करणाऱ्या गॅबा या रसायनाच्या गॅबा-ए रिसेप्टरवर अल्फा आणि गॅमा उपघटकांच्या मधल्या जागी बसतं आणि गॅबाचं काम वाढवतं. अल्फाचे प्रकार अनेक. 1999 मध्ये अल्फा-1 मध्ये एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार केले. त्यांना डायझेपामनं पेंग आली नाही, पण चिंता कमी झाली. 2000 मध्ये अल्फा-2 तसाच बदलला, तेव्हा चिंताशमन गेलं. एकाच गोळीतले दोन परिणाम दोन वेगळ्या कुलपांतून येतात. म्हणून डोस वाढवत गेलं की आधी उंदीर धीट दिसतो आणि मग पेंगायला लागतो. 1 मिग्रॅवर परिणाम दिसला नाही म्हणून थेट 5 वर उडी मारू नका. आधी हात, उजेड आणि सस्पेन्शन तपासा.

आधी ताण देऊन पाहायचं असेल तर

काही विषयांत उंदराला आधी हवेची भोकं असलेल्या नळीत अडकवून ठेवतात आणि मग मेझवर सोडतात. हे करण्याआधी स्वतःला विचारा की प्रश्नाला याची गरज आहे का. साध्या अर्काच्या चाळणीला नसते. गरज असेल तर कमीत कमी वेळ, श्वासावर सतत नजर, आणि ताण न दिलेला पण तितकाच हाताळलेला गट सोबत. रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन मोजणार असाल (उंदरांत कॉर्टिसॉल नव्हे, हे), तर मूळ पातळीसाठी पिंजऱ्याला हात लावल्यापासून तीन मिनिटांत रक्त घ्यावं लागतं. त्यानंतर आपण घेतलेल्या रक्तात आपलीच धास्ती मोजली जाते.

डायझेपामऐवजी बुस्पिरोन किंवा फ्लुओक्झेटिन, ही चिंतेवरची वेगळ्या जातीची औषधं, तुलनेला घेणाऱ्यांना मी थांबवते. बुस्पिरोनचे प्लस मेझवरचे निकाल एका प्रयोगशाळेत एक, दुसरीत दुसरे येतात. फ्लुओक्झेटिनचा एकच डोस कधी कधी उंदराला अधिक घाबरट करतो. माणसांनाही पहिल्या दिवसांत अस्वस्थ वाटतं आणि गुण यायला आठवडे लागतात. त्यासाठी भुकेल्या उंदराला अनोळखी जागी खाणं ठेवून तो किती वेळानं तोंड लावतो ते पाहणारी चाचणी जास्त योग्य आहे. ती काही आठवड्यांच्या उपचारांचा फरक दाखवते. प्लस मेझ मुख्यतः बेंझोडायझेपाइनच्या, म्हणजे डायझेपामच्या वर्गातल्या औषधांच्या, मापानं बेतलेला आहे. तुमच्या अर्कानं त्यावर काहीच दाखवलं नाही, तर अर्क निरुपयोगी असं लिहू नका. एकाच डोसनं, या मेझवर फरक दिसला नाही, एवढंच लिहा. फरक दिसला तर "चिंता कमी झाली" याच्या आधी "उघड्या आर्मवरचा वेळ वाढला" हे वाक्य यायला हवं. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

दिवसाचं काम संपलं की मेझ साबणाच्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, उन्हात ॲक्रिलिक वाकतं. उंदरांना पाणी आणि खाणं पोचलंय का ते स्वतः जाऊन बघा, मामांवर सोपवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाचं वजन घ्या आणि इंजेक्शनच्या जागी पोटाला सूज आहे का ते पाहा. ही नोंद वहीत मेझच्या आकड्यांखालीच असावी, त्याच पानावर.